चार नंबरची शेळी

शेळीचं वय तिच्या तोंडात असतं. खालचा ओठ अंगठ्याने ओढला की पुढचे दात दिसतात. दुधाचे बारीक, पक्के रुंद. पक्के दोन असले तर शेळी दोन दाती, साधारण दीड वर्षाची. सहा असले तर तिसऱ्या वर्षात आलेली. पशुवैद्यकाच्या पहिल्या वर्षाला हे शिकवतात, आणि कुठल्याही खाटकाला ते न शिकता येतं. मी त्या शाखेत पदव्युत्तर परीक्षा पास झाले होते. तरीही चार महिने माझ्यासमोर उभ्या असलेल्या एका शेळीचे दात मी पाहिले नाहीत.

तेव्हा आम्ही लालबागच्या चाळीत राहत होतो आणि गिरण्यांच्या संपाचं दुसरं वर्ष चालू होतं. बाबा साचेखात्यात होते, म्हणजे कापड विणायच्या यंत्रांवर. संप सुरू झाल्यापासून घरी. घरातली कमावती मी एकटी, तीही हंगामी. घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर एका संस्थेत जनावरांच्या औषधशास्त्राची व्याख्याती होते. दर सहा महिन्यांनी नेमणुकीचा नवा कागद यायचा आणि तो येईपर्यंत आई देवापुढून उठायची नाही.

त्या वर्षी ती जागा कायम करायचं ठरलं. अट एकच होती. आमच्या विषयाच्या एका शास्त्रीय मंडळाने विशेषज्ञ प्रमाणपत्र सुरू केलं होतं, ते हवं. परीक्षा मी दिली होती, पास होते. पण मंडळाच्या सायक्लोस्टाइल केलेल्या पत्रकात खाली आणखी एक कलम होतं. उमेदवाराचे दोन मूळ संशोधन-निबंध, उमेदवाराचं नाव पहिलं असलेले, परीक्षकांकडून तपासून घेणाऱ्या नियतकालिकात छापलेले किंवा छापण्यासाठी स्वीकारलेले हवेत. संमेलनात वाचलेले गोषवारे चालणार नाहीत. एखाद्या रोग्याची हकीकत चालणार नाही. संक्षिप्त टिपणं चालणार नाहीत. या टिपणांच्या ओळीखाली कुणीतरी पेनाने रेघ मारलेली होती. सगळं मार्चअखेर पोचलं पाहिजे.

एक निबंध माझा छापून झाला होता. दुसरा शेळ्यांचा.

विषय साधा होता. सूज आणि सांधेदुखीवरचं एक औषध माणसांना आणि घोड्यांना देत असत. शेळ्यांना किती द्यायचं हे कुणी काढलेलं नव्हतं, डॉक्टर अंदाजाने देत. मी सहा शेळ्या घेतल्या. पहिल्या फेरीत पाच दिवस औषध शिरेतून द्यायचं, ठरलेल्या वेळी रक्त काढायचं. मग तीन आठवडे विश्रांती. मग त्याच शेळ्यांना तेच औषध पाच दिवस तोंडाने. प्रत्येक शेळीचे दोन्ही फेऱ्यांतले आकडे एकमेकांशी ताडून पाहायचे, म्हणजे तोंडाने दिलेलं औषध किती अंगी लागतं ते कळतं. ‘त्याच शेळ्या’ यावर सगळं उभं होतं.

जनावरांच्या कोठीतला शिपाई गावी गेला तो परतलाच नाही. सरांना विचारून मी त्याच्या जागी बाबांना रोजंदारीवर लावलं. सर म्हणजे माझे मार्गदर्शक. बाबांना जनावरांची माहिती नव्हती, पण वक्तशीरपणा गिरणीतला होता. सकाळी सातच्या आत हजर, कोठी धुतलेली, पाणी भरलेलं. शेळ्यांच्या गळ्यात पितळी बिल्ले होते, एक ते सहा. बाबा त्यांना नंबरानेच हाक मारायचे. चाळीत त्यांची यथेच्छ थट्टा व्हायची.

“काय रे, शेळ्यांचा जॉबर झालास म्हणे?” गॅलरीत बसलेले त्यांचे खात्यातले जोडीदार विचारायचे. जॉबर म्हणजे खात्यातला मुकादम. “हजेरीला येतात ना सगळ्या?”

“तुझ्यापेक्षा बऱ्या,” बाबा म्हणायचे. “बिडी प्यायला संडासात जात नाहीत.”

“युनियन काढू नका म्हणावं त्यांना.”

हसणं व्हायचं, तेवढंच. संपाच्या दुसऱ्या वर्षी कुठलंच हसणं फार पुढे जात नसे.

पहिली फेरी नीट पार पडली. विश्रांतीच्या तीन आठवड्यांत कोठीत माझं काही काम नव्हतं. मी दिवसभर वाचनालयात बसून जुने अंक चाळत होते, संध्याकाळी प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासत होते. कोठीकडे फिरकले नाही. घरी मात्र जेवताना एकच पालुपद चालायचं. सहा शेळ्या म्हणजे कमीत कमी. सहापेक्षा एक कमी झाली तर कुणी छापणार नाही. हे मी किती वेळा म्हटलं असेन याचा मला अंदाज नव्हता. बाबांना होता.

दुसऱ्या फेरीआधी शेळ्यांची वजनं केली तेव्हा चार नंबरची दोन किलोने उतरलेली. मी वहीत लिहिलं, ‘चारा कमी पडला असावा’, आणि नव्या वजनाप्रमाणे डोस काढला. औषध पाजताना बाबा तोंड धरायचे आणि मी जबड्याच्या कोपऱ्यातून बाटली लावायची. त्यांचा अंगठा शेळीच्या ओठावर असायचा. पुढचे दात दिसायचं कारण नव्हतं. रक्तही या वेळी मानेच्या दुसऱ्या बाजूने काढत होते, कारण पहिली बाजू सुजून गेलेली असणार असं मी धरून चालले होते.

आकडे आले ते पाच शेळ्यांचे एका चालीचे आणि चार नंबरचे भलतेच. मी सरांना दाखवले.

“जनावरांत फरक असतोच,” ते म्हणाले. “तेवढं एक वाक्य घाल आणि पाठव.”

पाठवला. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. फेब्रुवारीच्या मध्यावर संपादकांचं पत्र आलं. निबंध स्वीकारण्याजोगा आहे. परीक्षकाने फक्त एक किरकोळ माहिती मागितली आहे. शेळ्यांचं वय दिलेलं नाही, ते द्यावं. उत्तर आलं की स्वीकृतीचं पत्र पाठवतो.

पत्र हातात घेऊन मी कोठीत गेले. खरेदीच्या वहीत सगळ्या ‘दोन दाती’ लिहिलेल्या होत्या, माझ्याच अक्षरात. नुसतं उतरवून दिलं असतं तरी चाललं असतं. पण मधे काही महिने गेले होते, म्हणून म्हटलं एकदा बघून घेऊ. एक, दोन, तीन, दोन दातीच. चार नंबरचा ओठ ओढला तर सहा पक्के दात, मधले दोन झिजलेले.

दोन दातीची सहा दाती व्हायला वर्ष तरी लागतं. मी पुन्हा मोजले. मग बिल्ला उलटून पाहिला. चारच होता.

बाबा पलीकडे घमेल्यात पेंड कालवत होते.

“बाबा, ही कोण?”

“चार नंबर.”

“ही चार नंबर नाही.”

ते हात पुसत आले. घाबरलेले वगैरे मुळीच नव्हते. “नाय, ती बदली आहे,” म्हणाले. “पहिली मेली ना तेव्हा भरली.”

गिरणीत कायम कामगार आला नाही तर त्याच्या साच्यावर बदली उभा करत. साचा थांबता कामा नये, माणूस कुठला का असेना. बाबा स्वतः अकरा वर्षं बदली होते. रोज पहाटे फाटकावर उभं राहायचं, कुणाच्या तरी गैरहजेरीची वाट पाहायची आणि त्याच्या जागी काम करायचं. त्यातूनच ते कायम झाले, त्यातूनच आम्ही शिकलो.

“मला सांगितलं का नाही?”

“तू होतीस कुठे? गिरणीत जॉबरला विचारूनच बदली भरतात. इथली जॉबर तू. दोनदा वर येऊन गेलो, वाचनालयाचा शिपाई म्हणाला बाई वाचतायत. आणि घरी तोंड उघडावं तर तूच घोकत होतीस गो, सहा पायजेत, सहा पायजेत. नंबर रिकामा ठेवतात काय?”

शेळी कुठून आणली ते विचारलं. मागच्या गल्लीत एकजण शेळ्या पाळायचा. संपात त्याच्याही घरात चूल धड पेटत नव्हती आणि शेळ्यांना खायला नव्हतं. रंगाने मिळतीजुळती एक त्याच्याकडे निघाली. तिच्या बदल्यात घरातला तांब्याचा मोठा हंडा गेला. मोरीतला हंडा दिसेनासा झाला हे मला माहीत होतं. तो पोटासाठी गेला असं समजून मी आईला विचारलंही नव्हतं. म्हणजे आईला सगळं ठाऊक होतं.

मेलेली शेळी त्यांनी संस्थेच्या दवाखान्यातल्या इतर मेलेल्या जनावरांबरोबर महापालिकेच्या गाडीवर चढवली होती. गळ्यात बिल्ला नाही, म्हणून कुणी विचारलं नाही. चिरफाड झाली नाही. नियमाप्रमाणे ती व्हायलाच हवी होती.

“मरायच्या आधी काय झालं होतं?”

“दोन दिवस खात नव्हती. लेंड्या काळ्या. डांबरासारख्या, चिकट. मी पाणी मारून मारून फरशी धुतली तरी डाग जाईना.”

मी तिथेच पेंडीच्या पोत्यावर बसले. काळी, डांबरासारखी विष्ठा म्हणजे पोटात रक्तस्राव. हे औषध माणसांच्या जठराला व्रण पाडतं हे पुस्तकात होतं. शेळीला पाडतं की नाही हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. ते बाबांनी झाडूने धुऊन टाकलं होतं.

रविवारी सकाळी मी सरांच्या घरी फणसवाडीत गेले. दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा, पुस्तकं पलंगाखालीसुद्धा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चिडले नाहीत. चहा आला, त्यांनी बशीत ओतला.

“परीक्षकाने काय विचारलंय?”

“वय.”

“कोठीत आज ज्या शेळ्या आहेत त्या काय वयाच्या आहेत?”

“पाच दोन दाती, एक सहा दाती.”

“मग लिही, ‘दोन ते सहा दाती’. यात एक अक्षर खोटं आहे का?”

“नाही.”

“मी तुला खोटं लिहायला सांगणार नाही. आणि हे बघ, खरं लिहिलंस तर जनावर कुणी बदललं हे लिहावं लागेल. तुझे वडील आहेत ते. मला त्यांना त्याच दिवशी काढावं लागेल. जागा मार्चनंतर रिकामी राहत नाही, दुसरा उमेदवार तयार आहे. उद्या उत्तर टाक.”

त्यांचं म्हणणं व्यवहाराचं होतं आणि मी व्यवहारी आहे. सोमवारी विभागाच्या टाइपरायटरवर उत्तर टाइप केलं. शेळ्या दोन ते सहा दाती होत्या. पाकिटावर तिकीट लावलं. पाकीट दोन दिवस पर्समध्ये राहिलं.

या दोन दिवसांबद्दल मला नंतर लोकांनी बरंच काही चिकटवलं, सचोटी वगैरे. तसं काही नव्हतं. दातांचं वाक्य मी सुखाने पाठवलं असतं. अडचण निबंधाच्या शेवटच्या वाक्याची होती. ‘हा डोस शेळ्यांना पाच दिवस सुरक्षितपणे देता येतो.’ असले निबंध शेवटच्या वाक्यासाठीच वाचले जातात. कुठल्यातरी तालुक्याच्या दवाखान्यातला डॉक्टर बाकीचं सगळं सोडून तेवढंच वहीत उतरवून घेणार. सहातली एक मेली होती आणि मला ते माहीत होतं.

बुधवारी पाकीट फाडलं. संध्याकाळी घरी बाबांना समोर बसवलं आणि सांगितलं की खरं लिहिणार आहे. लिहिलं की तुमचं काम जाईल.

“आणि तुझं?”

“माझंपण.”

आई भाकऱ्या थापत होती. तिने पीठ झटकलं. “हंडा गेला, शेळी गेली, आता पोरीची नोकरीपण घाल त्या कागदात. लोकांच्या पोरी आईबापाला वर काढतात. आमची बघा. शेळीसाठी सुतक पाळतेय.”

“तू गप गो,” बाबा म्हणाले. माझ्याकडे वळले. “म्हणजे मी चोरी केली असं लिहिणार?”

“नाही. शेळी बदलली एवढंच.”

“बदली भरली असं लिही. लपवून काय केलं नाय मी. तुझा साचा थांबू नये म्हणून केलं.”

“बरं. तसंच लिहिते. पण आता मला सगळं नीट सांगा. ती मेली हे तुमच्याशिवाय कुणी पाहिलेलं नाही. खायची कधी बंद झाली, लेंड्या कधी काळ्या झाल्या, मेली कधी. दिवस आणि वेळ.”

दिवस त्यांनी अचूक सांगितले. शेवटच्या सुईनंतर तिसऱ्या दिवशी चारा सोडला, चौथ्या दिवशी लेंड्या काळ्या, पाचव्या दिवशी सकाळी पाय टाकेना, दुपारी गेली. किती वाजता, ते मात्र सांगता येईना. आयुष्यभर ते गिरणीच्या भोंग्यावर चालले होते. सकाळचा भोंगा, दुपारचा, पाळी सुटायचा. मनगटावरचं घड्याळ संपाच्या सुरुवातीलाच गेलं होतं आणि भोंगे बंद होते.

“जेवणानंतर,” ते म्हणाले. “भोंगा असता तर नक्की सांगितलं असतं.”

मी त्याप्रमाणे लिहिलं. चार नंबरची शेळी पहिल्या फेरीनंतर मेली, तिच्या जागी दुसरी घेण्यात आली होती, ते मला उशिरा कळलं, तिचे आकडे काढून टाकले आहेत, उरलेल्या पाचांचे सोबत जोडले आहेत. ‘सुरक्षितपणे’ हा शब्द खोडला. सरांना प्रत दाखवली. त्यांनी चष्मा काढला, पेन घेतलं आणि लेखकांच्या यादीतलं स्वतःचं नाव कापलं. दुसऱ्या दिवशी बाबांना येऊ नका असा निरोप आला.

जायच्या आधी बाबा कोठी धुवायला गेलेच. मी सोबत होते. चार नंबरच्या गळ्यातला बिल्ला त्यांनी काढला आणि खिळ्याला टांगला. “हिचा नव्हे तो,” म्हणाले. ती शेळी पुढे कुणी नेली, मला माहीत नाही.

संपादकांचं उत्तर मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आलं. सौजन्याचं पत्र होतं. पाच जनावरांवरचे निष्कर्ष निबंध म्हणून छापता येणार नाहीत. मात्र मृत्यूची नोंद उपयुक्त आहे, ती अर्ध्या पानाचं संक्षिप्त टिपण म्हणून घेऊ. मी ते पत्र मंडळाला पाठवलं. काय उत्तर येणार ते मला ठाऊक होतं, पत्रकातली ती रेघ मारलेली ओळ मला पाठ होती. मंडळाने तीच ओळ पुन्हा लिहून पाठवली. एप्रिलमध्ये माझ्या टेबलावर दुसरे गृहस्थ बसले. त्यांचे दोन निबंध होते, व्यवस्थित.

मी वरळीला जनावरांच्या औषधांच्या एका कंपनीत लागले. बाटलीबरोबर जी घडी घातलेली चिठ्ठी येते, डोस, पथ्य, धोके, ती लिहायचं काम. त्यात कधी कुणी प्रमाणपत्र विचारलं नाही. पुन्हा अर्ज करायला मंडळाने मनाई केली नव्हती, पण प्रयोगाला जनावरं कोण देणार? सत्तावीस वर्षं चिठ्ठ्या लिहिल्या. ते औषध आमची कंपनी करत नव्हती, त्यामुळे त्याची चिठ्ठी माझ्याकडे कधी आली नाही. शेळ्यांना लोक ते देत राहिले की थांबले, हे मला कळायला मार्ग नव्हता.

बाबांची गिरणी पुढे काही खाती उघडून पुन्हा सुरू झाली, साचेखातं त्यात नव्हतं. ते फाटकावर जायचे, पूर्वी बदली असताना जायचे तसे, पहाटे. यादी वाचून दाखवली जायची. त्यांचं नाव कधी आलं नाही. काही महिन्यांनी गिरणी कायमची बंद झाली आणि त्यांचं जायचं कारणही संपलं. तरी पहाटे उठून दाढी करून बसायचे. आईने त्या हंड्याचा विषय मरेपर्यंत सोडला नाही, आणि मला वाटतं तिचं चूक नव्हतं.

टिपण छापून आलं ते माझी जागा गेली त्याच वर्षीच्या पावसाळ्यात. अंक टपालाने घरी आला. बाबा गॅलरीत बसले होते.

“आलं काय तुझं?”

“आलं. अर्धं पान.”

“वाच.”

इंग्रजी होतं, मी मराठीत सांगत गेले. औषध कोणतं, डोस किती. शेवटच्या डोसानंतर तिसऱ्या दिवशी शेळीने चारा सोडला. चौथ्या दिवशी विष्ठा काळी, डांबरासारखी. पाचव्या दिवशी मृत्यू. ही लक्षणं कोठीतल्या कामगाराने पाहिली. शवविच्छेदन झालं नाही. शेळीच्या जागी दुसरी घेण्यात आली होती. मृत्यूची वेळ नोंदवलेली नाही.

ते मान खाली घालून ऐकत होते. शेवटच्या वाक्याला वर पाहिलं.

“वेळ घालायला पायजे होती,” म्हणाले. “त्याशिवाय अर्धवट वाटतं.”

“तुम्हीच सांगितली नाहीत.”

“कशी सांगणार?” त्यांनी समोर गिरणीच्या धुराड्याकडे पाहिलं. त्यातून अडीच वर्षं काही निघालं नव्हतं. “बरं, ठेव आत. भिजेल.”